ॲम्ब्युलन्समधली इमर्जन्सी औषधं नक्की कुणाच्या नावावर ठेवायची? (सोलापूर)

होटगीरोड_फार्मासिस्ट:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय पण पूर्ण वाचा ही विनंती. मी फार्मासिस्ट आहे आणि आमच्या भागातल्या एका ट्रस्टच्या दोन ॲम्ब्युलन्स आहेत त्यांच्या औषधांचं मी बघतो. एक साधी, पेशंट ने-आण करणारी, आणि दुसरी कार्डियाक, म्हणजे मॉनिटर, डिफिब (हृदयाला शॉक द्यायचं यंत्र), व्हेंटिलेटर सगळं असलेली. आजवर कार्डियाक गाडीतली सगळी औषधं ट्रस्टच्या मानद डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, त्यांच्याच रजिस्ट्रेशन नंबरवर यायची. डॉक्टर आता मुलाकडे पुण्याला कायमचे चाललेत. नवीन डॉक्टर मिळालेत पण ते पहिल्याच बैठकीत स्पष्ट म्हणाले की रात्री दोनला गाडी टेंभुर्णीला असणार, मी घरी झोपलेला असणार, आणि पेटीतलं मिडाझोलाम (फिट थांबवायचं, गुंगीचं औषध) माझ्या नावावर, एक अँप्युल कमी निघाली तर उत्तर कुणी द्यायचं? त्यांचं काही चुकतंय असं मला वाटत नाही.

आता हे एवढ्या तळमळीनं का विचारतोय ते सांगतो. गेल्या पावसाळ्यात मोहोळच्या अलीकडे दुचाकी घसरली, विशीतला पोरगा, मांडीचं हाड मोडलेलं. आमची गाडी गेली. थॉमस स्प्लिंट लावला, सलाईन लावलं, ऑक्सिजन दिला, सगळं व्यवस्थित. पण दुखण्यासाठी पेटीत डायक्लो आणि पॅरासिटामॉल, बस्स. पाकणीपासून सिव्हिलपर्यंत प्रत्येक स्पीडब्रेकरला तो पोरगा स्ट्रेचरची दांडी धरून ओरडायला लागला होता. आमचा टेक्निशियन लै शांत माणूस, पण परत आल्यावर मला म्हणाला की सर पेटीत दुखण्याचं काहीतरी ठेवा नाहीतर मला या गाडीवर पाठवू नका.

तर मॉर्फिन, फेंटॅनिल, केटामाइन, ट्रॅमाडॉल, मिडाझोलाम ही दुखणं थांबवायची आणि गुंगीची कडक औषधं खाजगी किंवा ट्रस्टच्या ॲम्ब्युलन्समध्ये रीतसर ठेवायची तर मार्ग काय? मी चार जणांना विचारलं, चौघांनी चार उत्तरं दिली. एक म्हणाला ठेवूच नका, एक म्हणाला सगळेच ठेवतात कोण बघतंय. मला दोन्ही उत्तरं नकोत. ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा. आणि दुसरं, मे महिन्यात गाडी उन्हात उभी असते तेव्हा पेटीचं काय करता तेही सांगा.

निवृत्त_स्टोअरकीपर:

फार्मासिस्ट साहेब, प्रश्न योग्य जागी विचारलात. माझी सगळी नोकरी सरकारी दवाखान्याच्या औषध भांडारात गेली. लोकांचा गोंधळ होतो तो सगळी 'कडक' औषधं एकाच गठ्ठ्यात धरल्यामुळं. कायद्यानं त्यांचे गठ्ठे वेगवेगळे केलेत आणि प्रत्येकाचं जू वेगळं.

ॲड्रेनलीन, ॲट्रोपिन, ॲमिओडॅरोन, हायड्रोकॉर्टिसोन वगैरे साधी, 'शेड्यूल एच' या यादीतली, डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतात, इथं तुम्हाला अडचण नाही. मिडाझोलाम, डायझेपाम, ट्रॅमाडॉल ही एच-वन या आणखी कडक यादीत येतात. हे शेड्यूल मार्च 2014 पासून लागू आहे, विकणाऱ्या दुकानदाराला वेगळं रजिस्टर, त्यात डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, आणि ते रजिस्टर 3 वर्षं जपायचं. ट्रॅमाडॉल तर एप्रिल 2018 पासून एनडीपीएस म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्याच्या सायकोट्रॉपिक (मनावर परिणाम करणाऱ्या औषधांच्या) यादीतही गेलं, त्यामुळं 'साधं पेनकिलर' म्हणून खोकी भरून ठेवायचे दिवस गेले. केटामाइन शेड्यूल एक्स मध्ये, म्हणजे दुकानदाराकडे त्याचं वेगळं लायसन लागतं, कुलपात ठेवावं लागतं, चिठ्ठी दोन प्रतीत आणि त्यातली एक 2 वर्षं जपायची.

राहिलं मॉर्फिन आणि फेंटॅनिल. 1985 च्या एनडीपीएस कायद्यानंतर कितीतरी वर्षं मॉर्फिनची एक बाटली आणायला बाळगण्याचं लायसन वेगळं, वाहतुकीचं वेगळं, इकडचं खातं तिकडं बोट दाखवणार, आणि एकाची मुदत संपेपर्यंत दुसरं हातात येत नव्हतं. कॅन्सरचे पेशंट अक्षरशः तळमळत गेले, मी भांडारात बसून बघितलंय, नातेवाईक खिडकीवर यायचे आणि मी नाही म्हणायचो. मग 2014 मध्ये कायदा दुरुस्त झाला, मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन, हायड्रोकोडोन या सहा औषधांना 'अत्यावश्यक अंमली औषधं' ठरवलं आणि 2015 मध्ये सगळ्या देशाला एकच नियम आला. आता दवाखान्याला राज्याच्या औषध नियंत्रकाकडून, म्हणजे आपल्याकडे एफडीएकडून, 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' अशी एक मान्यता मिळाली की पुरे. तिथं जबाबदार डॉक्टर नेमायचा, रोजचा हिशोब ठेवायचा, वर्षाची मागणी आणि वापर कळवायचा.

आता तुमच्या मुद्द्यावर येतो. हा सगळा नियम लिहिताना डोळ्यासमोर चार भिंतींचा दवाखाना आहे, कपाट आहे, कपाटाशेजारी डॉक्टर आहे. चाकावरचं कपाट त्यात कुणी धरलेलंच नाही. म्हणून ट्रस्टनं स्वतः मॉर्फिन घ्यायच्या फंदात पडू नये. सोलापुरात ज्या दवाखान्याला ही मान्यता आहे त्याच्याशी लेखी करार करा, गाडीतला साठा हा त्यांच्याच साठ्याचा भाग असं कागदावर आणा, आणि तो कागद घेऊन एफडीएच्या इथल्या कार्यालयातून लेखी उत्तर घ्या. तोंडी 'चालतंय की' यावर अजिबात विसंबू नका, साहेब बदलला की 'चालतंय' पण बदलतं.

एकशेआठवाला_डॉक:

मी 108 वर काम करतो, सोलापूर जिल्ह्यातच, तालुका सांगत नाही. आमच्याकडे 2014 ला सेवा सुरू झाली तेव्हापासून गाडीत डॉक्टर असतो, त्यामुळं 'कुणाच्या नावावर' हा प्रश्न निम्मा तरी सुटतो, औषध देणारा आणि सही करणारा एकच. शिवाय अडलं तर पुण्याच्या कॉल सेंटरला डॉक्टरशी बोलता येतं. ट्रस्टच्या गाडीत टेक्निशियन एकटा असतो, तिथं खरी गोची आहे.

पण माझं मत थोडं वेगळं आहे. मॉर्फिनवर एवढी चर्चा करण्याआधी साध्या औषधांचा साठा किती ठेवायचा हे बघा, कारण माणूस त्यानं मरतो. आपल्याकडं फवारणीचं औषध प्यायलेले पेशंट किती येतात हे काही तुम्हाला सांगायला नको. ऑरगॅनोफॉस्फेट (कीटकनाशकातलं विष) असेल तर ॲट्रोपिन लागतं, आणि आपल्याकडची अँप्युल 0.6 मिलिग्रॅमची. सुरुवातीलाच तीन ते पाच अँप्युल द्यायच्या, पाच मिनिटांनी छाती बघायची, घरघर कमी नसेल तर डोस दुप्पट, परत पाच मिनिटांनी दुप्पट. हिशोब करा, दहा अँप्युलचा बॉक्स पहिल्या दहा मिनिटांत संपतो आणि करमाळ्याहून सोलापूर म्हणजे अडीच तीन तास. एकदा माझ्या गाडीत असाच बॉक्स संपला, वाटेत ग्रामीण रुग्णालयात गाडी लावली, तिथल्या सिस्टरनी कपाट उघडून हातात दिल्या म्हणून पेशंट पोचला. त्या अँप्युल परत देताना मात्र तीन कागद आणि चार सह्या, कारण 'एका संस्थेचं औषध दुसऱ्या संस्थेच्या गाडीला' असा रकानाच नाही कुठल्या रजिस्टरला. त्या सिस्टरला नंतर विचारणा झाली म्हणे. जिनं जीव वाचवला तिला! याचा मला आजही राग येतो.

त्यामुळं करारात हे नक्की घाला की वाटेतल्या किंवा पोचवलेल्या दवाखान्यातून संपलेलं औषध भरून मिळेल आणि दोन्हीकडं नोंद होईल. आणि मांडीचं हाड मोडलेल्या पोराला डायक्लो दिलं असेल तर तेही जरा जपून, रक्त गेलेलं असतं, किडनीला त्रास होतो. अशा वेळी डॉक्टर सोबत असेल तर कमी डोसमधलं केटामाइन चांगलं, बीपी पडत नाही.

अक्कलकोटचा_परदेशी:

धागा वाचून लगेच लिहायला बसलो. मी मूळचा अक्कलकोटचा, सध्या अमेरिकेत पॅरामेडिक आहे, आणि होटगी रोडच्या दादांनी जो प्रश्न विचारलाय अगदी त्याच प्रश्नावर इकडं वर्षानुवर्षं काथ्याकूट चाललाय.

इकडं मॉर्फिन, फेंटॅनिल, केटामाइन, मिडाझोलाम या सगळ्यावर डीईए म्हणून जी केंद्रीय एजन्सी आहे तिचं नियंत्रण. तिचा मूळ कायदा 1970 चा, आणि त्यात दवाखाना होता, डॉक्टर होता, दुकान होतं, ॲम्ब्युलन्स सेवा नव्हतीच! म्हणजे स्टोअरकीपर काका म्हणतात तेच. मग बऱ्याच सेवा काय करायच्या, त्यांचा जो मेडिकल डायरेक्टर असेल त्या डॉक्टरच्या वैयक्तिक रजिस्ट्रेशनवर सगळ्या गाड्यांचं औषध घ्यायच्या. डॉक्टर नोकरी सोडून गेला की साठा कुणाचा हा प्रश्न उभा. शिवाय आम्ही पॅरामेडिक औषध देतो ते 'स्टँडिंग ऑर्डर'वर, म्हणजे डॉक्टरनं आधीच लिहून ठेवलेलं असतं की फिट येत असेल तर हे द्या, हाड मोडलं असेल आणि बीपी एवढं असेल तर ते द्या. कायद्याचा काटेकोर अर्थ लावला तर कंट्रोल्ड (सरकारी नियंत्रणातल्या) औषधाला त्या त्या पेशंटसाठीचा वेगळा आदेश पाहिजे. तसं केलं असतं तर फिट आलेल्या पोराला सुई द्यायला आधी डॉक्टरला फोन लावत बसावं लागलं असतं.

नोव्हेंबर 2017 मध्ये यावर वेगळा कायदा झाला. त्यात सेवेला संस्था म्हणून स्वतःचं रजिस्ट्रेशन मिळायची सोय झाली, एका राज्यात एकच पुरतं, प्रत्येक स्टेशनचं वेगळं काढायला नको. फक्त ज्या ज्या ठिकाणी औषध ठेवणार ती ठिकाणं 30 दिवस आधी कळवायची. सेवा दवाखान्याच्याच मालकीची असेल तर दवाखान्याचं रजिस्ट्रेशन चालतं. स्टँडिंग ऑर्डरला सरळ कायद्यात जागा मिळाली. आणि एकशेआठवाल्या डॉक्टरांसाठी महत्त्वाचं, इमर्जन्सी करून गाडी दवाखान्यात पोचली की तिथूनच संपलेलं औषध भरून घेता येतं, मॉर्फिन-फेंटॅनिलसाठी एरवी जो खास ऑर्डर फॉर्म भरावा लागतो तोही नको, मुख्य अट ही की दोघांनी आपापल्याकडं नोंद ठेवायची. त्यामुळं तिथल्या सिस्टरला कुणी विचारणा करायचा प्रश्नच येत नाही. कायद्यानंतर बारीक नियमांचा मसुदा डीईएनं ऑक्टोबर 2020 मध्ये काढला, म्हणजे कायदा एका दिवसात झाला तरी रजिस्टरपर्यंत पोचायला वेळ लागतोच, हे आपल्याकडच्या लोकांनी धरून चालावं.

रोजचं काम सांगतो कारण ते उद्यापासून करता येईल. कंट्रोल्ड औषधं वेगळ्या पाऊचमध्ये, पाऊचला नंबर असलेलं प्लास्टिक सील, पाऊच कुलपाच्या कप्प्यात. शिफ्ट बदलताना जाणारा आणि येणारा दोघं मिळून मोजतात, सीलचा नंबर लिहितात, दोघांची सही. सील तुटलेलं असेल तर गाडी हलायच्या आधी वरिष्ठाला फोन. आणि सगळ्यात जास्त गडबड जिथं होते ते म्हणजे उरलेलं औषध. अँप्युल फोडली, निम्मी दिली, निम्मी उरली, ती साक्षीदारासमोर टाकायची आणि साक्षीदाराची सही, तीही दवाखान्यातल्या नर्सची असली तर उत्तम. चोरी झाली तर ती बहुतेक वेळा या 'उरलेल्या' रकान्यातूनच होते. हे कडक वाटतं पण ते आपल्यालाच वाचवतं, कुणी बोट दाखवलं की कागद पुढं करायचा.

विजापूरवेस_सिस्टर:

मी आयसीयूत काम करते आणि ट्रान्सफरच्या पेशंटबरोबर गाडीतून बऱ्याचदा जाते, म्हणून उन्हाबद्दल मीच बोलते, कुणी बोललंच नाही.

दादा, मे महिन्यात सोलापूरचा पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या पुढं जातो आणि बंद गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त. बहुतेक इंजेक्शनवर '25 किंवा 30 डिग्रीच्या खाली ठेवा' असं छापलेलं असतं. मी एकदा एका खाजगी गाडीची पेटी उघडली तर ॲड्रेनलीनच्या अँप्युल खिडकीकडच्या पारदर्शक डब्यात, पुठ्ठ्याच्या बॉक्समधून बाहेर काढून, आणि आतलं औषध चहाच्या फिकट पाण्यासारखं दिसत होतं. ॲड्रेनलीन पाण्यासारखं स्वच्छ पाहिजे, गुलाबी किंवा तपकिरी झालं की फेकायचं, एक्स्पायरी तीन महिन्यांनंतरची असली तरी. मी सगळ्या बाहेर काढल्या आणि ड्रायव्हरच्या सहीनं कागद केला. त्या गाडीत एखादं ॲलर्जीच्या रिॲक्शनचं किंवा हृदय बंद पडलेलं पेशंट असतं तर आम्ही रंग बदललेलं पाणी देत बसलो असतो.

लोराझेपाम फ्रीजचं औषध, गाडीत फिटसाठी ठेवायचं तर मिडाझोलाम बरं, बाहेर टिकतं आणि शीर नाही सापडली तर दंडात-मांडीत स्नायूत देता येतं. 2012 मध्ये अमेरिकेत ॲम्ब्युलन्समध्येच याचा मोठा अभ्यास झाला होता, स्नायूत दिलेलं मिडाझोलाम शिरेतल्या लोराझेपामपेक्षा कमी पडलं नाही. ऑक्सिटोसिन, सक्सिनिलकोलीन, इन्सुलिन ही 2 ते 8 डिग्रीवाली, ही ठेवायचीच असतील तर गाडीत चालणारा छोटा फ्रीज लागतो, बर्फाच्या पिशवीवर औषध टेकवून ठेवू नका, गोठलं तरी वाया. साप चावलेल्यासाठी एएसव्ही ठेवणार असाल तर पावडरवालं बघा, ते फ्रीजशिवाय राहतं, पातळ असलेलं नाही.

बाकी सोपं आहे. पेटी गाडीत झोपवायची नाही. कॉल नसताना पेटी स्टेशनच्या खोलीत, सावलीत, कुलपात, आणि कॉल आला की स्ट्रेचरच्या आधी पेटी गाडीत. पेटीत एक कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर टाका आणि रोज सकाळी आकडा लिहा. जे आधी एक्स्पायर होणार ते वरच्या रांगेत.

जुळेसोलापूर_७:

मी यातला जाणकार नाही पण पेशंटच्या घरचा म्हणून बोलतो. वडिलांना रात्री छातीत दुखायला लागलं, फोन केला, 'कार्डियाक ॲम्ब्युलन्स' लिहिलेली गाडी आली, पैसे आधी घेतले, आत सिलेंडर होता आणि एक रिकामा ड्रॉवर. ॲस्पिरिनची गोळी सुद्धा नव्हती. नाव घेत नाही. वडील वाचले, देवाची कृपा. तुम्ही लोक सीलचे नंबर आणि फ्रीजबद्दल बोलताय हे वाचून बरं वाटलं, पण आम्हाला रात्री बाराला गाडी बोलवताना कसं कळणार की आत काय आहे? मागच्या दरवाजावर औषधांची यादी आणि शेवटची तपासणी केलेली तारीख लावायची सक्ती का करत नाहीत? दुधाच्या पिशवीवर तारीख असते की.

होटगीरोड_फार्मासिस्ट:

सगळ्यांचे मनापासून आभार. जुळे सोलापूरच्या दादांचं मला एकदम पटलंय, आमच्या दोन्ही गाड्यांच्या मागच्या दरवाजाला आतून यादी आणि तारीख लावतोय, सक्तीची वाट कशाला बघायची. कंट्रोल्ड औषधांची नावं मात्र त्या यादीत टाकणार नाही, चोराला आमंत्रण नको.

काल ट्रस्टच्या लोकांसमोर काकांचा सल्ला मांडला. मॉर्फिन-फेंटॅनिल सध्या नाही. मान्यता असलेल्या एका दवाखान्याशी बोलणं सुरू केलंय, तिथले भूलतज्ज्ञ सकारात्मक आहेत, करार झाला तर केटामाइन आणि मिडाझोलाम त्यांच्या साठ्यातून पाऊचमध्ये, आणि केटामाइनचं पाऊच फक्त डॉक्टर सोबत असलेल्या कॉललाच गाडीत चढणार. नवीन डॉक्टरांना हे सांगितलं तर म्हणाले साठा संस्थेचा असेल आणि मोजणी दोन सह्यांनी होणार असेल तर मी स्टँडिंग ऑर्डर लिहून द्यायला तयार आहे. एफडीएला अर्ज पण लिहायला घेतलाय. ॲट्रोपिनचा साठा आजच वाढवला, पन्नास अँप्युल, एक्स्पायर व्हायला आल्या की दुकानातून बदलून घेणार.

अक्कलकोटच्या दादा, एक शंका. टेक्निशियन एकटाच असेल आणि उरलेलं मिडाझोलाम टाकायला साक्षीदार कुणीच नसेल, समजा पेशंट घरीच सोडून गाडी परत येतीये, तर तुमच्याकडं काय करता? ड्रायव्हरची सही चालते का?

अक्कलकोटचा_परदेशी:

आमच्या सेवेत ड्रायव्हर पण प्रशिक्षित असतो म्हणून त्याची चालते. तुमच्याकडं ड्रायव्हर फक्त ड्रायव्हर असेल तर त्याच्यावर हे टाकू नका, उद्या काही झालं तर बिचारा अडकेल. सिरिंजला टोपी लावायची, लेबलवर पेशंट, औषध, किती उरलं, वेळ लिहायची, वेगळ्या पिशवीत सील करून पाऊचमध्येच परत कुलपात, आणि स्टेशनला आल्यावर तुमच्यासमोर मोजून टाकायची. तोवर रजिस्टरमध्ये 'शिल्लक, टाकणे बाकी' असं लिहून ठेवा. आणि शक्यतो लहान मापाची अँप्युल घ्या म्हणजे उरतच नाही.

निवृत्त_स्टोअरकीपर:

एफडीएचा अर्ज पाठवायच्या आधी मला दाखवा. विषयात 'परवानगी मिळणेबाबत' लिहू नका, 'मार्गदर्शन मिळणेबाबत' लिहा आणि कराराची प्रत सोबत जोडा, नाहीतर अर्ज पहिल्याच टेबलावर अडकतो. आवक-जावक शिक्क्याची पोच घ्यायला विसरू नका. रजिस्टरचे रकाने मी आखून ठेवलेत, दवाखान्यातून भरून घेतलेल्या औषधाचा वेगळा रकाना केलाय, रविवारी इथं फोटो टाकतो.